होसे मार्ती : कवितेच्या वहीसोबत क्रांतीचा हिशेब

क्यूबा म्हटलं की आपल्याकडे फिडेल कॅस्ट्रो आठवतो, नाहीतर चे गेव्हारा. पण क्यूबातल्या शाळांच्या आवारात जो अर्धपुतळा हमखास दिसतो, तो या दोघांपैकी कुणाचाच नाही. रुंद कपाळ, जाड मिशा आणि काळा कोट, असा तो माणूस कवी होता. होसे मार्ती हे त्याचं नाव. २८ जानेवारी १८५३ रोजी हवानात जन्मला आणि १९ मे १८९५ रोजी क्यूबाच्या पूर्व भागात लढाईत पडला. वय ४२. आपल्या टिळकांपेक्षा तीन वर्षांनी मोठा.

स्वातंत्र्यासाठी लिहिणारा कवी म्हणजे रक्त सळसळवणारी गाणी रचणारा, असं आपण धरून चालतो. मार्तीच्या कवितेत तलवारींचा खणखणाट फारसा नाही. त्याची घराघरांत पाठ असलेली कविता आहे पांढऱ्या गुलाबावरची. आणि याच माणसाने एक अख्खं युद्ध उभं केलं. वर्गणी गोळा केली, पक्षाची घटना लिहिली, रुसलेल्या सेनापतींची समजूत काढली, बंदुका आणि जहाजं जमवली. हे सगळं एकाच माणसाला कसं जमलं, असा प्रश्न पडतो. माझं उत्तर असं की ही कामं वेगवेगळी नव्हतीच. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांना एका जागी आणणं, हेच काम त्याने जन्मभर केलं. कधी ते कवितेत केलं, कधी सभेत, कधी पत्रातून. पण तेवढ्याचीच क्यूबाला इतकी गरज का होती, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

क्यूबा मागे का राहिला

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा स्पॅनिश अमेरिकेचा जवळपास सगळा मुलूख १८२५ च्या सुमारास स्पेनच्या हातून सुटला होता. उरली ती क्यूबा आणि पोर्तो रिको ही बेटं. क्यूबाच्या बाबतीत याचं मोठं कारण होतं साखर. तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर चालत. शेजारच्या हैतीत गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र स्थापन केलं होतं, आणि त्या आठवणीने क्यूबातल्या गोऱ्या मळेवाल्यांची झोप उडाली होती. स्पॅनिश फौज गेली तर आपलंही तेच होईल, ही त्यांची धास्ती. स्पेनने ही धास्ती नीट जपली आणि वाढवली. फोडा आणि झोडा हे आपल्याला शिकवायची गरज नाही.

तरीही १० ऑक्टोबर १८६८ रोजी कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस या मळेवाल्याने स्वतःच्या गुलामांना मोकळं केलं आणि स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. युद्ध दहा वर्षं चाललं. १८७८ मध्ये सांहोनचा करार झाला. स्वातंत्र्य मिळालं नाही आणि गुलामी उठली नाही. फक्त बंडात उतरलेल्या गुलामांची सुटका मान्य झाली.

हा पराभव नुसता बंदुकांचा नव्हता. युद्ध पूर्वेकडच्या प्रांतांत पेटलं, पण श्रीमंत पश्चिमेत नीट पोहोचलंच नाही. एका भागातले सैनिक दुसऱ्या भागात जायला तयार नसत. मुलकी सरकार आणि सेनापती यांचं जमत नव्हतं. परदेशातून मदत पाठवणाऱ्यांत गट पडले होते. आणि या सगळ्याखाली रंगाचा प्रश्न होता. अंतोनियो मासेओ हा आफ्रिकी वंशाचा, अतिशय कसलेला सेनानी. याला काळ्यांचं राज्य आणायचं आहे अशी कुजबुज त्याच्याच बाजूच्या लोकांत चाले. सांहोनचा करार झाल्यावर बारागुआ इथे स्पॅनिश सेनापतीच्या तोंडावर तो नाकारणारा माणूस हाच मासेओ होता, तरीसुद्धा.

म्हणजे पुढच्या लढ्यासाठी शौर्य कमी पडणार नव्हतं. गाठ घालणारा कुणीतरी हवा होता.

खाणीतला कैदी क्रमांक ११३

मार्तीचे वडील मारियानो हे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे. सैन्यात होते, नंतर हवानात पोलीस खात्यात. आई लेओनोर कॅनरी बेटांवरची. म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध लढायचं तिचा माणूस घरातच, आणि तो बाप. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण मार्तीच्या लिखाणात 'स्पॅनिश माणूस' हा कधीच राक्षस होत नाही.

पोरगा हुशार. त्याच्या शिक्षणाचा भार राफाएल मारिया दे मेंदिवे या कवी-शिक्षकांनी उचलला. युद्ध सुरू झालं तेव्हा मार्ती पंधरा वर्षांचा होता. जानेवारी १८६९ मध्ये त्याने 'अब्दाला' नावाची छोटी पद्यनाटिका छापली. आफ्रिकेतल्या नुबियाचा एक तरुण देश वाचवायला निघतो आणि आई त्याला अडवते, अशी तिची गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांच्या गोऱ्या मुलाने, गुलामी चालू असलेल्या देशात, वीर नायक म्हणून आफ्रिकी माणूस निवडला, याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पकडला गेला. कारण एक पत्र. एक शाळासोबती स्पॅनिश सैन्यात भरती झाला, म्हणून मार्ती आणि त्याचा जिवलग मित्र फेर्मिन वाल्देस दोमिंगेझ यांनी त्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. ते झडतीत सापडलं. कोर्टात दोघेही म्हणाले, पत्र मी लिहिलं. न्यायाधीशांनी मार्तीला धरलं. ४ मार्च १८७० रोजी सहा वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. वय १७.

हवानाच्या सान लाझारो खाणीत तो चुनखडीचा दगड फोडत असे. कैदी क्रमांक ११३, डोकं भादरलेलं, घोट्यापासून कमरेपर्यंत साखळी. त्या अवस्थेतला त्याचा एक फोटो आहे. तो त्याने आईला पाठवला आणि मागे काही ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा, की तुझ्या मनात मी काटे पेरले असतील, पण आई, फुलं काट्यांतच उगवतात हे विसरू नकोस.

बापाची भेट मात्र त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे. मारियानो मुलाला भेटायला आला. आईने साखळीखाली घालायला शिवून दिलेल्या छोट्या गाद्या त्याच्याकडे होत्या. मुलगा जखमा लपवू पाहत होता. बापाने गाद्या बसवायला म्हणून पाय हातात घेतला, आणि चिघळलेलं, पू आणि धुळीने माखलेलं ते मांस बघून तो पाय कवटाळून रडायला लागला. तेवढ्यात पहारेकऱ्याने मुलाला ओढत कामावर नेलं. स्पेनच्या सत्तेची चाकरी केलेला तो माणूस धुळीत गुडघ्यावर तसाच राहिला. मार्तीचं पुढचं सगळं राजकारण मला या प्रसंगात दिसतं. शत्रूच्या बाजूचा माणूस आपल्यासाठी रडू शकतो, हे त्याला सतराव्या वर्षी कळलं होतं.

काही महिन्यांनी ओळखीपाळखीने शिक्षा कमी झाली आणि जानेवारी १८७१ मध्ये त्याला स्पेनला हद्दपार केलं. तिथे पोहोचल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती खाणीतल्या हकिकतीचं छोटं पुस्तक छापण्याची. स्वतःबद्दल त्यात थोडंच आहे. ७६ वर्षांचे निकोलास देल कास्तियो, ज्यांची पाठ सोलून निघाली होती, आणि १२ वर्षांचा लिनो फिगेरेदो, ज्याला देवी आलेल्या असतानाही कामाला जुंपलं, त्यांच्याबद्दल तो पानंच्या पानं लिहितो. आणि म्हणतो, मी कुणाचा द्वेष केला तर त्यासाठी मला स्वतःचाच द्वेष करावा लागेल. त्या साखळीच्या लोखंडाची पुढे एक अंगठी झाली, तिच्यावर 'क्यूबा' कोरलेलं होतं. पायाच्या आणि जांघेच्या दुखण्याने मात्र त्याला मरेपर्यंत सोडलं नाही.

स्पेनमध्ये तो माद्रिद आणि सारागोसाला कायदा शिकला. १८७३ मध्ये स्पेनमध्ये राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा वीस वर्षांच्या मार्तीने नव्या सरकारला जाहीर सवाल टाकला. तुमचं राज्य लोकांच्या इच्छेवर उभं आहे म्हणता, मग क्यूबाच्या लोकांची इच्छा कोणत्या तोंडाने चिरडता? उत्तर आलं नाही. ते प्रजासत्ताकही दोन वर्षं टिकलं नाही.

मग मेक्सिको, ग्वाटेमाला, लग्न, १८७८ मध्ये माफी मिळून क्यूबात परत, मुलाचा जन्म, पुन्हा कटात सहभाग, १८७९ मध्ये पुन्हा हद्दपारी. जानेवारी १८८० मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. व्हेनेझुएलातले काही महिने सोडले तर पुढची जवळजवळ पंधरा वर्षं तो तिथेच राहिला.

एक भांडण, ज्यात तो बरोबर होता

न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी त्याने कारकुनी केली, भाषांतरं केली, स्पॅनिश शिकवलं, पुढे उरुग्वेचा वाणिज्यदूत म्हणूनही काम पाहिलं. पण नाव झालं ते वार्तापत्रांमुळे. ब्युनोस आयर्सचं 'ला नासियोन', कराकास आणि मेक्सिकोची वृत्तपत्रं यांना तो अमेरिकेबद्दल लिही. १८८३ मध्ये ब्रुकलिन पूल खुला झाला तेव्हा त्याच्या पोलादी दोरांचं वर्णन करताना तो लहान मुलासारखा हरखून गेला आहे. त्याच लेखणीने त्याने शिकागोत फाशी गेलेल्या कामगार पुढाऱ्यांबद्दल लिहिलं आणि काळ्यांवरच्या जमावी अत्याचारांबद्दलही लिहिलं. अमेरिकेचं कौतुक आणि भीती, दोन्ही त्याच्या मनात एकत्र नांदत होती. क्यूबा विकत घेण्याच्या गोष्टी वॉशिंग्टनमध्ये अनेकदा झाल्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं.

१८८४ मध्ये जुन्या युद्धाचे दोन मोठे सेनानी, माक्सिमो गोमेझ आणि मासेओ, न्यूयॉर्कला आले. नव्या मोहिमेची जुळवाजुळव सुरू झाली. मार्ती उत्साहाने कामाला लागला. पण गोमेझचा खाक्या वेगळा होता. लढाई कशी आणि केव्हा, पैसा कुठे, हे सगळं सेनापती ठरवणार, बाकीच्यांनी हुकूम पाळायचा. २० ऑक्टोबर १८८४ रोजी मार्तीने त्याला पत्र लिहून मोहीम सोडली. त्यातलं एक वाक्य लॅटिन अमेरिकेत आजही बोललं जातं : 'जनरल, लष्करी छावणी चालवावी तसं राष्ट्र उभारता येत नाही.'

त्या वाक्याचं वजन कशात आहे? स्पेनमधून मुक्त झालेल्या देशांत काय झालं हे मार्तीने स्वतः पाहिलं होतं. स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती पुढे घोड्यावरून उतरलेच नाहीत, ते हुकूमशहा झाले. मेक्सिको, ग्वाटेमाला, व्हेनेझुएला या तिन्ही ठिकाणी त्याचा पाय अशाच कारणांनी उखडला होता. युद्ध एका माणसाच्या मर्जीवर जिंकलं तर नंतरचा देशही त्याच्या मर्जीवर चालेल. म्हणून लोकशाही युद्धानंतर नव्हे, युद्धाची तयारी करतानाच सुरू झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह.

याची किंमत त्याने मोजली. पळपुटा, नुसता बोलका, अशी संभावना झाली. पुढची दोन-तीन वर्षं तो चळवळीत एकटा पडला. घरातही आधार नव्हता. बायको कार्मेनला हा फकिरी संसार झेपला नाही, आणि तिला दोष द्यावासा मला वाटत नाही. १८९१ मध्ये ती मुलाला घेऊन कायमची निघून गेली. मुलासाठी लिहिलेल्या पंधरा कवितांचं 'इस्माएलियो' हे पुस्तक त्याने १८८२ मध्येच छापलं होतं. स्पॅनिश कविता तेव्हा जडजंबाल, भाषणबाज झाली होती. या छोट्याशा पुस्तकाने तिला मोकळा श्वास दिला. पुढे जिला आधुनिकतावादी कविता म्हटलं गेलं तिच्या सुरुवातीच्या खुणांत हे पुस्तक धरलं जातं. बापाने मुलाला खांद्यावर घेऊन नाचावं, एवढाच त्याचा विषय आहे.

पांढरा गुलाब

१८८९-९० च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सगळ्या अमेरिकी देशांची परिषद भरली. अमेरिका या देशांना आर्थिक दावणीला बांधू पाहते आहे, आणि क्यूबा गिळायला बसली आहे, या काळजीने मार्ती आजारी पडला. डॉक्टरांनी डोंगरात जायला सांगितलं. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात त्याने ४६ कविता लिहिल्या. १८९१ मध्ये त्या 'वेर्सोस सेन्सियोस', म्हणजे 'साध्या कविता', म्हणून आल्या.

त्यांचा छंद आठ अक्षरावयवांच्या ओळीचा, स्पॅनिश लोकगीतांचा. आपल्याकडे ओवी जशी जात्यावर बसलेल्या कुणाच्याही तोंडी आपोआप येते, तसा हा छंद त्या भाषेत येतो. मी सच्चा माणूस आहे, जिथे माड वाढतात तिथला, अशी पहिल्या कवितेची सुरुवात. दुसरीकडे म्हणतो, माझं नशीब मी या पृथ्वीवरच्या गरिबांसोबत टाकू पाहतो. या ओळी नंतर 'ग्वान्तानामेरा' या क्यूबन गाण्याच्या चालीवर गायल्या जाऊ लागल्या आणि १९६० च्या दशकात जगभर पसरल्या.

आणि तो गुलाब. कविता आठच ओळींची. जुलैमध्ये तसाच जानेवारीत मी पांढरा गुलाब लावतो, मोकळ्या मनाने हात पुढे करणाऱ्या मित्रासाठी. आणि जो क्रूर माझं काळीज उपटून काढतो, त्याच्यासाठीही मी काटेरी झुडूप लावत नाही की खाजकुयली लावत नाही. पांढरा गुलाबच लावतो. एवढीच. शाळेत पाठ करून घेतली की ती गोड गोड वाटते. पण ही कविता लिहिणाऱ्याच्या पायाला साखळीचे वण होते, आणि तो त्या क्षणी युद्धाची आखणी करत होता. स्पॅनिश सत्ता उलथायची, पण क्यूबात राहणाऱ्या स्पॅनिश माणसाला शत्रू मानायचं नाही. हे त्याचं धोरणच त्या आठ ओळींत आहे. चार वर्षांनी युद्धाच्या जाहीरनाम्यात त्याने तेच गद्यात लिहिलं.

विडी वळणाऱ्यांचा पक्ष

आता त्याच्या कामाचा मला सगळ्यात आवडणारा भाग. अमेरिकेच्या फ्लोरिडात, टँपा आणि की वेस्ट इथे, क्यूबातून परागंदा झालेले हजारो कामगार सिगारच्या कारखान्यांत राबत. या कारखान्यांची एक सुंदर रीत होती. कामगार वर्गणी काढून एक वाचक नेमत. तो उंच बाकावर बसून दिवसभर मोठ्याने वाचे, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. खाली शेकडो हात तंबाखूची पानं वळत असत. ज्याला अक्षर येत नाही तोही ऐकून ऐकून जगाच्या राजकारणावर वाद घाले. मार्तीला त्याचा श्रोतृवर्ग इथे सापडला.

नोव्हेंबर १८९१ मध्ये टँपाच्या एका क्यूबन मंडळाने त्याला बोलावलं. २६ आणि २७ तारखेला त्याने दोन भाषणं केली. पहिल्याचा सूर होता, 'सर्वांसह आणि सर्वांच्या हितासाठी'. काळ्यांची भीती दाखवणाऱ्यांना, स्पॅनिशांचा द्वेष शिकवणाऱ्यांना, युद्ध नकोच म्हणणाऱ्यांना त्याने एकेक करून उत्तर दिलं. त्यानंतर तो की वेस्टला गेला, आणि १० एप्रिल १८९२ रोजी क्यूबन क्रांतिकारी पक्षाची घोषणा झाली.

या पक्षाची रचना बघण्यासारखी आहे. गावोगावची मंडळं हा पाया. प्रत्येक मंडळ आपले पदाधिकारी निवडणार. सर्वांत वर एक 'प्रतिनिधी' आणि एक खजिनदार, दोघांचीही दरवर्षी निवडणूक. मार्तीने अध्यक्ष हे पद ठेवलंच नाही, तो शेवटपर्यंत प्रतिनिधीच राहिला. कामगार ठरावीक दिवसाची मजुरी पक्षाला देत. जमलेल्या पैशाचा मंडळांपुढे हिशेब द्यावा लागे. ज्या गोष्टीवरून गोमेझशी फाटलं होतं ती त्याने इथे नियमात बसवली. 'पात्रिया' हे वृत्तपत्र मार्च १८९२ पासूनच सुरू झालं होतं. त्यातला बराच मजकूर तो स्वतः लिही.

रंगाच्या प्रश्नावर तो नुसतं बोलला नाही. क्यूबात गुलामी १८८६ मध्ये संपली, पण मनातली नाही. न्यूयॉर्कमध्ये राफाएल सेर्रा या काळ्या कार्यकर्त्याने कामगारांसाठी 'ला लीगा' ही संस्था काढली, तिथे मार्ती रात्री शिकवायला जाई. टँपात त्याच्यावर विषप्रयोगाचा प्रयत्न झाल्यानंतर तो पावलिना पेद्रोसो या काळ्या बाईच्या घरी उतरू लागला, आणि ते ही कुणापासून लपवून नाही. हवानात उठावाची सूत्रं ज्याच्या हाती दिली तो हुआन ग्वालबेर्तो गोमेझ हा गुलाम आईबापांचा मुलगा होता. १८९३ मध्ये मार्तीने लिहिलं की माणूस हा गोऱ्याहून, मिश्रवर्णीयाहून, काळ्याहून अधिक काहीतरी असतो.

उरला सेनापती. युद्ध माक्सिमो गोमेझशिवाय होणार नव्हतं, हे मार्तीला पक्कं माहीत होतं. सप्टेंबर १८९२ मध्ये तो आपणहून डोमिनिकन प्रजासत्ताकात मोंतेक्रिस्तीला गोमेझच्या घरी गेला. आठ वर्षांचं भांडण मिटवलं आणि पक्षाच्या वतीने त्याला सेनापतिपद देऊ केलं. पत्रात लिहिलं, 'तुम्हाला द्यायला माझ्याकडे त्यागाचं सुख आणि माणसांचा बहुधा होणारा कृतघ्नपणा याखेरीज दुसरा मोबदला नाही.' म्हातारा हो म्हणाला. लढाई गोमेझची, पक्ष आणि पैसा मंडळांचा, अशी वाटणी झाली. मासेओला भेटायला मार्ती कोस्टा रिकापर्यंत गेला.

जानेवारी १८९५ मध्ये मोठा घाव बसला. फ्लोरिडातल्या फर्नांदिना बंदरात शस्त्रांची खेप घेऊन निघायच्या तयारीत असलेली तीन जहाजं होती. बातमी फुटली आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो सगळा माल अडकवला. तीन वर्षांची पै पै जोडलेली वर्गणी बुडाली. पण झालं भलतंच. हा कवी गुपचूप एवढी जय्यत तयारी करत होता, हे कळल्यावर कालपर्यंत शंका घेणारेही थक्क झाले. मंडळांनी पुन्हा पैसे काढले. २९ जानेवारीला उठावाचा आदेश निघाला, तो सिगारमध्ये गुंडाळून क्यूबात नेला असं सांगतात. २४ फेब्रुवारी १८९५ रोजी युद्ध पेटलं.

शेवटचे पाच-सहा आठवडे

मार्तीने मागे राहून पैसे उभे करावेत असं अनेकांचं मत होतं. तो ऐकणारा नव्हता. ११ एप्रिलच्या रात्री पाऊस कोसळत असताना एका जर्मन बोटीने सहा माणसांना होडीसह समुद्रात सोडलं. गोमेझ आणि मार्ती त्यांत होते. वल्ही मारत ते क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर प्लायितास इथे लागले. रोजनिशीत किनाऱ्यावर उतरल्याची नोंद दोन शब्दांत, 'मोठा आनंद'.

ही रोजनिशी म्हणजे त्याचं सर्वोत्तम गद्य, असं माझं मत आहे. जंगलातल्या झाडांची नावं, कोणी काय खाऊ घातलं, पाठीवर बंदूक घेऊन डोंगर चढताना काय ऐकू आलं, हे सगळं तुटक, उत्कट शब्दांत. ५ मेला ला मेहोराना इथे मासेओशी भेट झाली. ती कडू होती. मासेओला सेनापतींचं मंडळ हवं होतं, मार्तीला मुलकी सरकार. १८८४ चा वाद पुन्हा उभा राहिला होता. ६ मेची पानं रोजनिशीतून गायब आहेत.

१८ मेला त्याने मेक्सिकोतला मित्र मानुएल मेर्कादो याला पत्र लिहायला घेतलं. क्यूबाच्या स्वातंत्र्याने अमेरिकेचा अँटिलीस, म्हणजे क्यूबा आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवरचा विस्तार वेळीच रोखायचा, आजवर मी केलेलं सगळं त्यासाठीच आहे, असं त्यात स्पष्ट आहे. पत्र अर्धवट राहिलं. दुसऱ्या दिवशी दोस रिओस इथे स्पॅनिश तुकडीशी गाठ पडली. गोमेझने त्याला मागे थांबायला सांगितलं होतं. तो एका तरुण सोबत्याला घेऊन घोड्यावरून पुढे गेला आणि गोळ्या लागून पडला.

त्याला मरायचंच होतं, असं लिहिणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. आदल्या दिवशीच्या पत्रात तो लढणाऱ्यांची प्रतिनिधी सभा बोलावण्याचं आणि तिच्यापुढे स्वतःचे अधिकार ठेवण्याचं बोलतो. पुढची कामं मांडून बसलेला माणूस मरण शोधत नसतो. 'कागदावरचा लढवय्या' हे टोमणे मात्र त्याला वर्षानुवर्षं टोचत होते, आणि लोकांना युद्धात पाठवून आपण मागे राहणं त्याला शक्य नव्हतं.

त्याची भीती खरी ठरली. १८९८ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि काही महिन्यांत स्पेन हरला. पॅरिसच्या तहाच्या टेबलावर क्यूबाला खुर्ची नव्हती. १ जानेवारी १८९९ पासून बेटावर अमेरिकी लष्कराचा अंमल सुरू झाला. २० मे १९०२ रोजी प्रजासत्ताक आलं ते प्लॅट दुरुस्तीसह. म्हणजे वाटेल तेव्हा हस्तक्षेप करायचा अमेरिकेचा हक्क क्यूबाच्या राज्यघटनेतच लिहिलेला. तो १९३४ मध्ये गेला. क्यूबातल्या ग्वान्तानामोचा अमेरिकी नाविक तळ आजही आहे.

आज मार्तीवर सगळेच हक्क सांगतात. कॅस्ट्रोने १९५३ च्या खटल्यात मोन्काडा या लष्करी छावणीवरच्या आपल्या हल्ल्यामागची प्रेरणा म्हणून त्याचंच नाव घेतलं, हवानाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. आणि कॅस्ट्रोविरोधी प्रसारणासाठी अमेरिकेने १९८५ मध्ये सुरू केलेल्या आकाशवाणी केंद्राचं नावही 'रेडिओ मार्ती'. एक बाजू त्याची अमेरिकेबद्दलची धास्ती उचलते, दुसरी त्याचा हुकूमशाहीचा तिटकारा. दोन्ही त्याचेच विचार आहेत, आणि त्याने ते कधी वेगळे केले नव्हते.

त्याचं समग्र लेखन पंचवीसहून अधिक खंडांचं आहे, त्याला घाबरू नये. आधी त्या ४६ कविता वाचाव्यात, इंग्रजीत त्यांची भाषांतरं सहज मिळतात. मग १८८४ चं गोमेझला लिहिलेलं पत्र, ते दोन-तीन पानांचंच आहे. आणि त्यानंतर युद्धातली रोजनिशी, सलग, एका बैठकीत.